छावणीत जन्मलेली भाषा?

मागे एकदा मराठी विषयाच्या शिक्षकांचे एक प्रशिक्षण होते. चहाच्या वेळी शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेने माझे नाव विचारले. मी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अय्या, पण तुम्ही मराठी किती छान बोलता!" बोलण्यात कुजकेपणा नव्हता, मनापासूनचे कौतुक होते. मी सोलापूर जिल्ह्यात जन्मले, इथेच वाढले, बी.एड. केले, गेली वीस वर्षे मराठी शिकवते आहे. मी छान मराठी बोलले नसते तर आश्चर्य वाटायला हवे होते.

त्याच महिन्यात आमच्या उर्दू शाळेत पालकसभा झाली. सातवीतल्या एका मुलाला मराठीत जेमतेम गुण मिळाले होते. त्याच्या आईला मी म्हटले, घरी थोडा सराव घ्या. तिने हात झटकला. "रहने दो टीचर. हमना मराठी आतीच नै. अपनी जबान तो उर्दू है ना."

दोन बायका, एकमेकींना कधी न भेटलेल्या. पण दोघींची समजूत एकच. मुसलमानाची भाषा उर्दू, मराठी ही दुसऱ्यांची. एकीने ती कौतुकातून सांगितली, दुसरीने हक्काने. या समजुतीला जोडूनच आणखी एक समजूत असते. उर्दू या शब्दाचा अर्थच मुळी लष्कराची छावणी; बाहेरून आलेल्या सैनिकांची आणि बाजारातल्या लोकांची भेसळ होऊन ती तयार झाली; म्हणून ती इथली नाही. ही गोष्ट मी स्वतः शाळेत शिकले आहे. खोटे कशाला बोलू, नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकवलीही आहे.

आधी हे छावणीचे प्रकरण पाहू.

उर्दू (ओर्दू) हा तुर्की शब्द आहे आणि त्याचा अर्थ छावणी, लष्करी तळ असा आहे, यात वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. शब्दाचा अर्थ छावणी म्हणून भाषा छावणीत जन्मली, हे अनुमान कितपत बरोबर? मोगल काळात बादशहा जिथे असेल ती जागा 'उर्दू-ए-मुअल्ला', म्हणजे थोर छावणी, राजधानी. शहाजहानने दिल्लीत शहाजहानाबाद वसवले, तेव्हा हे नाव त्या शहराला लागले. त्या शहरात जी भाषा बोलत, ती 'जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला', म्हणजे राजधानीची भाषा. पुढे लांबलचक नाव गळत गेले आणि नुसते 'उर्दू' उरले. भाषेचे नाव म्हणून एकटा 'उर्दू' शब्द अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच दिसू लागतो. शम्सुर्रहमान फारूकी यांनी उर्दूच्या आरंभकाळावरच्या आपल्या पुस्तकात हे बारकाईने दाखवून दिले आहे. म्हणजे नाव आले ते शहरावरून, तंबूवरून नाही. पुण्याची मराठी म्हणतो तसे.

मग छावणीची कहाणी पसरली कशी? तिचा मोठा वाटा मीर अम्मन यांच्याकडे जातो. कलकत्त्यात १८०० साली कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवण्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तिथे जॉन गिलख्रिस्ट यांच्या सांगण्यावरून मीर अम्मन यांनी 'बाग-ओ-बहार' लिहिले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी उर्दूच्या जन्माची हकीकत दिली आहे: अकबराच्या काळी ठिकठिकाणचे लोक दिल्लीला जमले, देवघेव, सौदा, सवालजबाब करता करता एक भाषा तयार झाली. सांगायला सोपी, ऐकायला गोड अशी गोष्ट. इंग्रज अधिकाऱ्यांच्या पिढ्या हे पुस्तक वाचून परीक्षा देत. त्यांच्याकडून ती व्याकरणाच्या पुस्तकांत गेली आणि तिथून आमच्या पाठ्यपुस्तकांत. दोनशे वर्षे झाली, कोणी तिला हटकले नाही.

तिला हटकण्यासाठी दूर जायची गरज नाही. मोगलांच्या राजधानीची जन्मकथा दिल्लीत रचली जाण्याच्या किती तरी आधी आपल्या दख्खनमध्ये ही भाषा कविता करत होती. बिदरच्या बहमनी दरबारात फख्रुद्दीन निजामी याने 'कदमराव पदमराव' हे काव्य लिहिले, ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात. शहाजहान गादीवर आला १६२८ साली. मुलीच्या जन्माआधी दोनशे वर्षे तिची कविता लिहिली गेली, असे तर होत नाही! त्या काळी भाषेला उर्दू म्हणत नसत. हिंदवी, हिंदी, गुजरी, दखनी, रेख्ता अशी तिची नावे होती.

दखनी इथे आली कशी, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवायचे ठरवले. आपण त्याला वेडा महंमद म्हणून हसतो आणि पुढे जातो. पण त्या निर्णयाने दिल्लीकडचे सूफी, कारकून, कारागीर, सैनिक, त्यांची बायकामुले इथे आली. राजधानी परत गेली, ही माणसे सगळीच परत गेली नाहीत. बुरहानुद्दीन गरीब इथेच राहिले. त्यांची मजार खुलताबादला आहे. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि दिल्लीशी संबंध तुटला. या लोकांची खडी बोलीच्या जवळची भाषा आता मराठी, कानडी, तेलुगूच्या शेजारात वाढू लागली. शेजारणी एकमेकींकडून पीठ-मीठ उसने घेतात तसे तिने शब्द घेतले. नुसते शब्द नाही, वाक्याच्या सवयीसुद्धा घेतल्या. 'नको'चे 'नक्को' झाले. आणि आपला जोर देणारा 'च'? 'मैंच गया था', 'ऐसाइच है', 'वोइच बोली'. लखनऊच्या माणसाला हा 'च' ऐकून हसू येते. तो मराठीचा आहे.

त्या पालकसभेतल्या बाईंचे वाक्य पुन्हा वाचा. "हमना मराठी आतीच नै." मराठी येत नाही हे सांगतानाही त्यांच्या तोंडी मराठीचा 'च' होता. मी तेव्हा काही बोलले नाही, पालकांशी बोलताना व्याकरण काढायचे नसते. पण दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात तो फळ्यावर लिहिला. मुलांनी घरच्या बोलण्यातले असे तीस-चाळीस शब्द एका तासात सांगितले.

दरबारांची गोष्टही तशीच. गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुत्बशाह, ज्याने १५९१ मध्ये हैदराबाद वसवले, स्वतः दखनीत कविता करत असे. त्याच्या कवितेत पावसाळा आहे, वसंत आहे, इथल्या भाज्या आणि फळे आहेत. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह 'किताब-ए-नौरस' लिहितो तेव्हा सरस्वती आणि गणपतीला वंदन करतो. त्याच्या आधीच्या पहिल्या इब्राहिमने महसुलाचे दप्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले आणि ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले, असे फरिश्ता नोंदवतो. आदिलशाही, निजामशाहीची कित्येक फर्माने दुभाषी असत, वर फारसी आणि खाली मोडीत मराठी. गावच्या पाटलाला फारसी कुठून येणार? सरकारला त्याच्याकडून वसुली हवी होती, भाषेचा अभिमान नको होता.

आमच्या घरी माझ्या नानांचा जमिनीचा एक जुना कागद आहे. लहानपणी मला वाटे, नाना मुसलमान, कागद जुना, म्हणजे तो उर्दू किंवा फारसीतच असणार. मोठी झाल्यावर जाणकाराला दाखवला तर तो मोडीत निघाला. भाषा मराठी, आणि त्या मराठीत निम्मे शब्द फारसी-अरबी.

यावरून दुसरी बाजू आठवते. उर्दू म्हणजे अरबी-फारसीची भाषा, हीसुद्धा एक समजूत. सय्यद अहमद देहलवी यांनी 'फरहंग-ए-आसफिया' हा मोठा उर्दू कोश केला आणि शब्दांची मोजदादही दिली. चौपन्न हजारांच्या आसपास शब्द. त्यात अरबी आणि फारसी मिळून साधारण चौथा हिस्सा. बाकीचे इथले किंवा इथे घडलेले. आणि शब्दांपेक्षा महत्त्वाचे असते वाक्याचे हाड. जाना, आना, खाना, सोना, मैं, तू, का, की, को, से: हे सगळे प्राकृतातून आलेले. फारसी शब्द एकही न वापरता उर्दूत वाक्य करता येते, क्रियापद इथले न वापरता करता येत नाही.

आता मराठी पाहा. "वकिलाने सरकारदरबारी अर्ज केला, जामीन मिळाला, पण खर्च हजारांत गेला." यात वकील, सरकार, दरबार, अर्ज, जामीन, खर्च, हजार हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती. मोठे आणि विचारपूर्वक केलेले काम होते ते. पण पुढच्या शतकात मराठ्यांच्या राज्याचा कारभार ज्यांनी केला त्यांना इतिहास कोणत्या नावाने ओळखतो? पेशवे. फडणीस, चिटणीस ही आडनावे आजही ब्राह्मण-प्रभू घरांत अभिमानाने लावली जातात आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा, हा फारसी शब्द आहे, हे बहुतेकांना ठाऊकही नसते. माधव जूलियनांना मात्र ठाऊक होते. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला.

शब्दसंग्रहावरून भाषेचा धर्म ठरवायचा म्हटले तर मराठीचा सुंता करावा लागेल, असे आमचे एक जुने हेडमास्तर म्हणत. विनोद जरा आडदांड आहे, पण विसरता येत नाही.

आता आपल्या लोकांच्या समजुतीकडे येते, कारण दुसऱ्यांच्या चुका काढणे सोपे असते.

उर्दू ही दीनची भाषा, असे आपल्याकडे बहुतेक घरांत मानतात. कुरआन अरबीत आहे. शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात त्याचे भाषांतर केले ते फारसीत, आणि त्यालाही विरोध झाला. उर्दूत कुरआन आणला त्यांच्या मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, अठराव्या शतकाच्या शेवटी. देवबंदचा मदरसा १८६६ चा. छापखाने निघाले, दीनी पुस्तके स्वस्त झाली, आणि मग उर्दू उत्तर हिंदुस्थानातल्या मुसलमानांची धर्मशिक्षणाची भाषा बनली. म्हणजे ही सगळी गोष्ट फार तर सव्वादोनशे वर्षांची. त्याआधीचे हजार वर्षांतले मुसलमान काय बेदीन होते? आणि त्या छापखान्यांत सर्वांत मोठे नाव कोणाचे? लखनऊचे मुन्शी नवल किशोर, १८५८ मध्ये छापखाना काढणारे. त्यांनी कुरआनही छापला, हिंदू धर्मग्रंथही छापले. उर्दूतले पहिले वृत्तपत्र 'जाम-ए-जहाँनुमा' १८२२ साली कलकत्त्यात निघाले. मालक हरिहर दत्त, संपादक सदासुख लाल. प्रेमचंद आधी उर्दूत लिहीत. रतननाथ सरशार, चकबस्त, फिराक गोरखपुरी, राजिंदरसिंह बेदी, कृष्ण चंदर यांना बाजूला काढा आणि मग उरलेल्या उर्दूकडे बघा. घर अर्धे रिकामे दिसेल.

आकडेही ऐका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. हे ७५ लाख सगळेच्या सगळे मुसलमान धरले तरी ५० लाखांहून जास्त मुसलमान उरतात, ज्यांची सांगितलेली मातृभाषा दुसरी आहे. कोकणातल्या मुसलमानाच्या घरी जाऊन बघा. देशभराचा हिशेब केला तर उर्दू सांगणारे ५ कोटींच्या आसपास, मुसलमान १७ कोटींहून जास्त. बंगालचा मुसलमान बंगाली बोलतो, केरळचा मल्याळम. पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दू, पण तिथल्या १९९८ च्या जनगणनेत ती मातृभाषा असलेले आठ टक्क्यांहून कमी. मार्च १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात जाहीर केले की पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दूच राहील. ऐकणारे बहुसंख्य मुसलमान होते आणि त्यांनीच विरोध केला. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. तोच दिवस आज जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळतात. मुसलमान म्हणजे उर्दू या समजुतीची एवढी महाग परीक्षा दुसरीकडे कुठे झाली नसेल. तिने शेवटी एका देशाचे दोन देश व्हायला हातभार लावला.

आणि आपली मराठी? श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे. शाह मुंतोजी बहामनी, ज्यांना मृत्युंजय म्हणतात. गीतेवर मराठीत टीका लिहिणारे हुसेन अंबरखान. पेशवाईतले जेजुरीचे शाहीर सगनभाऊ, जातीने शिकलगार. बार्शीचे अमर शेख, ज्यांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या राहिल्या. हमीद दलवाई, त्यांचे विचार कोणाला पटोत न पटोत, त्यांच्या कथेची मराठी नाकारता येणार नाही. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मी तेव्हा शाळेत होते. पोस्टरवर 'मुस्लिम' आणि 'मराठी' हे दोन शब्द शेजारी बघून एवढे नवल का वाटावे, हे तेव्हा कळले नव्हते. नवल वाटले होते, एवढे आठवते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे समजूत साफ खोटी. माझे तसे म्हणणे नाही, आणि मला खरी काळजी याच जागी वाटते. ही समजूत जन्मली तेव्हा खोटी होती. १८६७ च्या सुमारास बनारसकडे नागरी विरुद्ध फारसी लिपीचा वाद पेटला, १९०० मध्ये वायव्य प्रांत आणि अवधच्या सरकारने कचेऱ्यांत नागरीला जागा दिली, प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंनी भाषेला धर्माचे लेबल चिकटवले. फाळणीनंतर पंजाब-दिल्लीच्या हिंदू-शीख घरांत नव्या पिढीने उर्दू लिपी सोडली. आज आमच्या जिल्ह्यातल्या उर्दू शाळांत मुले कोणाची? सगळी मुसलमानांची. माझ्या वर्गाच्या हजेरीपटात मला प्रेमचंद सापडणार नाही. दुसऱ्या बाजूला आमची मुले मराठीचे पुस्तक 'उनका' म्हणून उघडतात. जी गोष्ट इतिहासात खरी नव्हती, ती शंभर-दीडशे वर्षे म्हणत म्हणत आम्ही सगळ्यांनी मिळून बरीचशी खरी करून ठेवली आहे.

याची किंमत मुले देतात. दहावीला मराठीत अडकलेली उर्दू माध्यमाची मुले मी दरवर्षी बघते. पुढे कचेरीत अर्ज लिहायचा, पोलिस ठाण्यात जबाब वाचून सही करायची, सातबारा समजून घ्यायचा, सगळे मराठीत. त्यातले अर्ज, कचेरी, जबाब, सही हे शब्द त्यांच्याच घरातले आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणि उर्दूचे तरी काय भले होते? वली औरंगाबादचा. १७०० साली तो दिल्लीला गेला आणि पुढे त्याचा दिवाण तिथे पोचल्यावर फारसीत लिहिणाऱ्या दिल्लीकरांना कळले की या भाषेतही अशी गझल होते. उर्दू गझलेचा रस्ता दख्खनमधून दिल्लीला गेला. आमच्या मुलांना गालिब पाठ असतो, वली आणि सिराज आपल्या बाजूचे, हे माहीत नसते. १७०७ साली वली अहमदाबादेत वारला. तिथली त्याची मजार २००२ च्या दंगलीत पाडून रातोरात वर डांबरी रस्ता केला गेला. ज्यांनी पाडली त्यांना तो फक्त मुसलमान दिसला.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर नाव वर मराठीत आणि त्याखाली उर्दूत लिहिलेले होते. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली. मराठीशिवाय दुसरी भाषा पाटीवर चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी ते फेटाळले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू ही मराठी-हिंदीसारखीच याच भूमीत जन्मलेली आर्यभारतीय भाषा आहे, असे त्यांनी निकालात लिहिले.

शाळा उघडल्यावर मी ती बातमी आठवीच्या वर्गात वाचून दाखवली, आधी मराठी वर्तमानपत्रातली, मग उर्दूतली. पालकसभेतल्या त्या बाईंचा मुलगा आता याच वर्गात आहे. त्याने विचारले, "टीचर, मराठी वर आणि उर्दू खाली का?" मी सांगितले, राज्याची राजभाषा मराठी आहे, कायद्याने ती पाटीवर हवीच, तिच्याबरोबर दुसरी भाषा लिहू नका असे कायदा कुठे म्हणत नाही. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, हे परीक्षेला येणार का.

नाही, म्हटले. त्याने वही मिटली. मग पुन्हा उघडून 'पातूर' कसे लिहायचे ते विचारले, दोन्ही लिप्यांत.